कुत्र्यांचा हृदयकृमी : उपचाराआधीचा विचार

बैलाच्या खांद्यास आलेली सूज, गाईचा कासदाह, शेळ्यांचा आंत्रविषार, कोंबड्यांची मानमोडी या विषयांवर शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या पत्रिकांतून वेळोवेळी लिहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या भरवशावर आपण रात्री पिकात जाऊन झोपतो, त्या राखणीच्या कुत्र्याविषयी सहसा चार ओळीही येत नाहीत. कुत्रा दूध देत नाही, औत ओढीत नाही, बाजारात त्याची फारशी किंमतही येत नाही. म्हणून त्याचे आजारपण हा कोणाच्याच कामाचा भाग होत नाही. प्रस्तुत लेखक पदवीने शेतकी शिकलेला असून जनावरांचा दवाखाना हे त्याचे खाते नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, याचे कारण असे की एका कुत्र्याच्या मृत्यूस मी स्वतः अंशतः जबाबदार आहे. त्या प्रसंगातून मला जे उमगले, ते गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांपुढे व शेतकरी बंधुभगिनींपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

सातारा जिल्ह्यातील एका डोंगरी गावचे सुभेदार २०२१ साली सैन्यातून निवृत्त होऊन घरी आले. त्यांची अखेरची नेमणूक आसामात तेजपूर येथे होती. तेथे पिलू असल्यापासून सांभाळलेला शेरू नावाचा कुत्रा त्यांनी सोबत आणला. अंगाने भरलेला, वीस किलो वजनाचा, रंगाने तांबूस असा तो कुत्रा थोड्याच दिवसांत गावच्या कुत्र्यांत मिसळून गेला. गावाच्या वरच्या अंगास सुभेदारांची जिरायत जमीन आहे. तेथे रानडुकरांचा उपद्रव फार. शेरू आल्यापासून त्यांच्या वाट्याच्या ज्वारीत डुक्कर शिरले नाही, असे शेजारचे शेतकरीच सांगत.

२०२२ च्या पावसाळ्यात शेरूला खोकला लागला. धावून आला की उभ्या उभ्या खोकावयाचा व मग बसून राहावयाचा. पोटात जंत झाले असावेत असा अंदाज करून शेजाऱ्याने गोठ्यातील आयव्हरमेक्टिनची बाटली आणली आणि गाईला टोचतात तसे अर्धा मिलिलिटर औषध त्याच्या कातडीखाली टोचले. हेतू चांगलाच होता. तीन तासांच्या आत कुत्रा ओकू लागला, अंग थरथरू लागले, हिरड्या पांढऱ्या पडल्या. सुदैवाने तालुक्याचे पशुवैद्य त्या दिवशी जवळच्या गावी लसीकरणासाठी आले होते. त्यांनी सलाईन लावून त्याला वाचविले आणि त्याच वेळी रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली त्या थेंबात बारीक, पारदर्शक, वळवळणारे जंत दिसले. पुढे पुण्यास नेऊन चाचणी व छातीची सोनोग्राफी करविली असता निदान पक्के झाले. कुत्र्याच्या हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत हृदयकृमी, म्हणजे ज्याला हार्टवर्म म्हणतात तो जंत, वाढत होता.

येथे या जंताची ओळख करून देणे अवश्य आहे, कारण पोटातल्या जंताची कल्पना मनात धरून याच्याकडे पाहिले म्हणजे सगळीच चूक होते. इटलीतील फ्रान्चेस्को बिरागो याने शिकारी कुत्र्यांवरील आपल्या ग्रंथात १६२६ साली कुत्र्याच्या हृदयातील जंताचा उल्लेख केलेला आहे. १८५६ साली अमेरिकेतील जोसेफ लीडी या शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज त्याला डायरोफिलेरिया इमिटिस असे म्हणतात. मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब, म्हणजे जवळजवळ वीतभर किंवा त्याहून अधिक असते. नर त्याच्या निम्म्याएवढा. जाडी मात्र शेवयाच्या काडीइतकी. हा जंत कुत्र्याच्या शरीरात पाच ते सात वर्षे जगू शकतो. मादी अंडी घालीत नाही, ती रक्तात जिवंत पिल्ले सोडते. ही पिल्ले डोळ्यांस दिसत नाहीत व कुत्र्याच्या रक्तात असताना ती मोठीही होत नाहीत. डास त्या कुत्र्याला चावला म्हणजे पिल्ले डासाच्या पोटात जातात, उबदार हवेत तेथे सुमारे दोन आठवड्यांत वाढतात, आणि तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला म्हणजे त्याच्या कातडीत शिरतात. तेथून पुढे मांसातून वाट काढीत ती फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत पोहोचतात. चावल्यापासून सहा-सात महिन्यांनी नवी मादी आपली पिल्ले रक्तात सोडू लागते.

तेव्हा डासाच्या मध्यस्थीवाचून हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात नाही. एका ताटलीत जेवल्याने, चाटल्याने वा चावल्याने तो होत नाही. कोल्हा व लांडगा यांच्या अंगीही हा जंत राहू शकतो, ही गोष्ट रानालगतच्या गावांनी ध्यानात ठेवावी.

आपल्या देशात हृदयकृमीची नोंद विशेषतः ईशान्येकडे, आसाम व मिझोराम या राज्यांतील कुत्र्यांत झालेली आहे. महाराष्ट्रात परिस्थिती निराळी दिसते. मुंबई, दिल्ली, सिक्कीम व लडाख येथील पाचशेहून अधिक कुत्र्यांची तपासणी करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई व दिल्लीच्या कुत्र्यांत हृदयकृमी आढळला नाही. आढळले ते त्याचे भाऊबंद : कातडीखाली राहणारा डायरोफिलेरिया रेपेन्स, आणि पिसवांमार्फत पसरणारा एक तिसराच, बराचसा निरुपद्रवी जंत. या दोघांचीही पिल्ले रक्तात फिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी ती हृदयकृमीच्या पिल्लांसारखीच वाटतात.

या एका गोष्टीवर माझा पहिला आग्रह आधारलेला आहे. रक्ताच्या थेंबात वळवळ दिसली म्हणजे हृदयकृमी झाला, असे आपल्या भागात तरी मुळीच समजू नये. पिल्लांची लांबी व डोक्याचा आकार मोजून जाणकार पशुवैद्य भेद करू शकतात. शिवाय हृदयकृमीच्या प्रौढ मादीच्या अंगचे प्रथिन रक्तात आहे की नाही हे दाखविणारी चाचणी आज मोठ्या शहरांत होऊ शकते. ही चाचणी लागण झाल्यापासून सुमारे सहा महिन्यांपर्यंत काही सांगत नाही व केवळ नर जंत असल्यास चुकते, हेही खरे. तथापि तिच्यावाचून उपचारास हात घालणे म्हणजे अंधारात काठी फिरविण्यासारखे आहे. कातडीखालचा जंत असलेल्या कुत्र्याला हृदयकृमीचे जहाल औषध दिले तर लाभ काही नाही आणि धोका मात्र पुरेपूर.

धोका कोणता, हे आता सांगितले पाहिजे. हृदयकृमी मारणे फारसे अवघड नाही. मेलेल्या जंतांचे काय करावयाचे, हाच प्रश्न अवघड आहे. पोटातला जंत मेला तर शेणामुतावाटे निघून जातो. हृदयाजवळच्या रक्तवाहिनीतला वीतभर लांबीचा जंत मेल्यावर जाणार कोठे? तो कुजतो, त्याचे तुकडे होतात, आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर ते तुकडे फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतात. पाटाच्या दारात पाचट अडकून पाणी तुंबावे तसे तेथे रक्त तुंबते, साकळते. कुत्रा शांत पडून असेल तर शरीर हळूहळू ते तुकडे शोषून घेते व वाट मोकळी होते. कुत्रा धावला, उसळला, भांडला तर फुप्फुसाकडे रक्ताचा लोंढा जातो, ताज्या दुखऱ्या नळ्यांवर ताण पडतो, आणि खोकला, ताप, नाकातोंडातून रक्त अशी लक्षणे होऊन तो मरूही शकतो.

पूर्वी, १९४० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे, थायासेटार्सामाइड नावाचे सोमलयुक्त औषध शिरेतून देत असत. ते शिरेबाहेर सांडले तर कातडी व मांस झडून पडे, यकृतास इजा होई. त्याची जागा पुढे मेलार्सोमाइनने घेतली. अमेरिकेत त्यास १९९५ साली मान्यता मिळाली. हेही सोमलाचेच औषध, परंतु कमरेच्या खोल स्नायूत टोचावयाचे. प्रथम एक सुई, मग महिनाभर थांबून लागोपाठ दोन दिवस दोन सुया, अशा तीन सुयांनी जवळजवळ सर्व प्रौढ जंत मरतात. त्याआधी दोन महिने तयारी चालते : रक्तातील पिल्ले व कोवळे जंत मारणारे मासिक औषध, आणि चार आठवडे डॉक्सिसायक्लिन. हे दुसरे औषध जंतांवरील उपचारात कशासाठी, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर मोठे मनोरंजक आहे. हृदयकृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे सूक्ष्म जीवाणू राहतात व त्यांच्यावाचून तो जंत नीट जगू शकत नाही. डॉक्सिसायक्लिनने हे जीवाणू मरतात, जंत दुबळा व वांझ होतो, आणि पुढे तो मेल्यावर फुप्फुसाचा दाहही कमी होतो. किलोमागे दहा मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, अठ्ठावीस दिवस, हे त्याचे प्रमाण. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्यास रोज चारशे मिलिग्रॅम. हे पशुवैद्याच्या देखरेखीखालीच देण्याचे औषध आहे. आकडा येथे एवढ्यासाठी दिला की गोळी एक दिवस चुकली तर चालेल असे कोणी समजू नये.

मेलार्सोमाइन तालुक्याच्या दुकानात मिळणारे औषध नव्हे. ते हाती नसेल तर पशुवैद्य दुसरा, सावकाश मार्ग घेतात. डॉक्सिसायक्लिनचा क्रम पुरा करून नंतर प्रतिबंधक मासिक औषध अखंड चालू ठेवावयाचे व दर सहा महिन्यांनी चाचणी करावयाची. यात जंत एकदम न मरता एकेक करून मरतात. वर्ष, दीड वर्ष, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ लागतो आणि तेवढा काळ फुप्फुसाची झीज चालूच राहते. म्हणून जाणकार यास पहिल्या पसंतीचा मार्ग मानीत नाहीत. शेरूच्या बाबतीत हाच मार्ग घ्यावा लागला.

गोठ्यातील त्या बाटलीकडे मी पुन्हा वळतो, कारण ही चूक घरोघर होण्यासारखी आहे. हृदयकृमीच्या मासिक प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिनच वापरतात, हे ऐकून पुष्कळांस वाटते की मग गाईचे इंजेक्शन दिले तर बिघडले कोठे? हिशेब करून पाहावा. एक टक्क्याच्या औषधात दर मिलिलिटरमागे दहा मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम द्रव्य असते. गाईबैलास किलोमागे दोनशे मायक्रोग्रॅम द्यावयाचे, म्हणून पन्नास किलोमागे एक मिलिलिटर. कुत्र्याचे हृदयकृमी-प्रतिबंधक प्रमाण किलोमागे अवघे सहा मायक्रोग्रॅम आहे. वीस किलोच्या कुत्र्यास महिन्याला एकशे वीस मायक्रोग्रॅम पुरे. शेरूला टोचलेल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये पाच हजार होते, म्हणजे चाळीसपटीहून अधिक. रक्तात लक्षावधी पिल्ले फिरत असताना एवढे औषध गेले की ती एकाच वेळी मरतात आणि त्यांच्या विषाने कुत्र्यास धक्का बसतो. कॉलीसारख्या मेंढपाळी विलायती जातींच्या काही कुत्र्यांत तर जन्मजात दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते. त्यांस रक्तात जंत नसतानाही एवढ्या मोठ्या मात्रेने विषबाधा होते. गोचिडांसाठी असो वा खरजेसाठी, गोठ्यातील बाटली कुत्र्यास लावण्याचा प्रघात आपल्या गावांतून गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच जातीची दुसरी चूक गोळ्यांची. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी विदर्भातील व इतर काही जिल्ह्यांत डीईसीच्या गोळ्या घरोघर वाटल्या गेल्या आहेत. हे औषध ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत १९४७ च्या सुमारास पुढे आले, तिचे संशोधनप्रमुख आपल्याच देशातील, आंध्रातील, येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. तेच औषध एके काळी कुत्र्यांस हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठी रोज देत असत. परंतु रक्तात आधीच पिल्ले असलेल्या कुत्र्यास ते दिले तर तासाभरात प्राणांतिक प्रतिक्रिया होऊ शकते. हत्तीपाय आणि कुत्र्याचा हृदयकृमी हे दोन्ही डासांनी पसरणारे, एकाच कुळातले जंत, एवढ्या ऐकीव माहितीवर घरात उरलेली गोळी भाकरीत घालून कुत्र्यास देणारा शहाणा निघाल्यास नवल नाही. गोळ्या वाटणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढे एक वाक्य दारात उभे राहून सांगावे.

आता शेरूकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये उपचार सुरू झाला. पशुवैद्यांनी सुभेदारांस तीन गोष्टी बजावल्या होत्या : डॉक्सिसायक्लिनची एकही पाळी चुकवू नये, महिन्याचे औषध तारखेस द्यावे, आणि कुत्रा बांधून ठेवावा. सुभेदार शिस्तीचे गृहस्थ. पहिल्या दोन गोष्टींसाठी त्यांनी दिनदर्शिकेवर खुणा केल्या. तिसरीसाठी अंगणातील चिंचेखाली खुंटा ठोकला. दिवाळीपर्यंत खोकला थांबला. अंगावर तुकतुकी आली, भूक वाढली. जानेवारीत मी गेलो तेव्हा तर हा कुत्रा कधी आजारी होता असे सांगूनही कोणास खरे वाटले नसते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रब्बी ज्वारीच्या पाहणीसाठी माझा मुक्काम त्याच गावी होता. कणसे भरली होती आणि डुकरांनी दोन रात्रींत चार-पाच गुंठे पीक लोळविले होते. सुभेदार मला तो पडलेला तुकडा दाखवीत होते. खोडे दातांखाली चघळून टाकलेली पाहून माझ्यातला शेतकी अधिकारी जागा झाला व मी बोलून गेलो, “सुभेदार, शेरू आता खडखडीत बरा झालाय. एक रात्र सोडा की त्याला शेतावर.” ते क्षणभर थांबले. “डॉक्टरांनी वर्षभर म्हटलंय, साहेब.” मी म्हणालो की डॉक्टर दवाखान्यात बसून बोलतात, पीक तर येथे पडते आहे. हे वाक्य मी पुढे अनेक वेळा आठविले आहे.

त्या रात्री शेरू सुटला. डुकरे आली, त्याने ती ओढ्यापलीकडे पिटाळली, असे राखणीवरच्या माणसाने सांगितले. पहाटे तो बांधावर पडलेला सापडला. नाकाशी तांबडा फेस होता आणि श्वास भात्यासारखा चालला होता. पशुवैद्य पोहोचेपर्यंत दहा वाजले. बाराच्या सुमारास कुत्रा गेला. सुभेदारांच्या संमतीने पशुवैद्यांनी शवविच्छेदन केले व मला मुद्दाम जवळ बोलावून दाखविले. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत पांढरे, लांब जंत होते, काही अखंड, काही तुकडे झालेले. आणि फुप्फुसाचा मागचा भाग यकृतासारखा घट्ट, काळसर झाला होता. जंत मरत होते. उपचार लागू पडत होता. तो लागू पडत होता म्हणूनच कुत्र्यास बांधून ठेवणे भाग होते, एवढीच साधी गोष्ट मला समजली नव्हती.

सुभेदारांनी मला दोष दिला नाही. “डॉक्टरांनी सांगितलं होतं. आपण दोघांनी ऐकलं नाही,” एवढेच ते म्हणाले आणि खुंट्याची साखळी सोडून घरात घेऊन गेले.

हा प्रसंग मी गावोगावी सांगतो तेव्हा शेतकऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : “साहेब, बांधलेलं कुत्रं राखण कसली करणार?” प्रश्न रास्त आहे व तो हसण्यावारी नेऊ नये. शहरातल्या घरी कुत्रा तीन महिने बांधला तर कोणाचे काही अडत नाही. डोंगरी गावात त्या तीन महिन्यांत ज्वारी जाते. म्हणून माझे म्हणणे असे की हा प्रश्न उपचार संपत आल्यावर नव्हे, तर तो सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यांपुढे मांडावा. आपण कुत्रा किती दिवस बांधू शकतो, सुगी केव्हा, घरात दिवसभर माणूस असते की नाही, हे सर्व स्पष्ट सांगावे. मेलार्सोमाइनचा मार्ग मिळण्यासारखा असेल तर तयारीपासून अखेरच्या सुईनंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत सुमारे पाच महिने बांधणे येते. त्यातही प्रत्येक सुईनंतरचा महिना सर्वांत नाजूक. सावकाश मार्गात बंधन सैल वाटते, पण ते संपतच नाही. कोणता मार्ग परवडेल हे औषधाच्या किमतीवर जितके अवलंबून आहे, तितकेच पिकाच्या हंगामावर आहे. ही गोष्ट शेतकरीच सांगू शकतो, पशुवैद्य नव्हे.

ज्याच्याकडून बांधणे होणारच नाही, त्याने तसे प्रामाणिकपणे सांगावे. त्यात कमीपणा काही नाही. त्या हंगामापुरती राखणीची दुसरी व्यवस्था करता येते : माळ्यावर माणूस, भावकीतील दुसऱ्याचा कुत्रा, बॅटरीचे किंवा सौर कुंपण. आमच्या बाजूने बोलावयाचे तर कुंपणाच्या योजनेची माहिती देताना हे कारणही आम्ही लक्षात घ्यावयास हवे. मी त्या वेळी कुंपणाविषयी बोललो असतो तर माझ्या कामात बसले असते; मी कुत्र्याविषयी बोललो.

बांधण्याविषयी दोन शब्द. बांधणे म्हणजे उन्हात आखूड दाव्याला जखडणे नव्हे. सावली, पाणी, बसावयास कोरडी जागा असावी. सकाळ-संध्याकाळ हातात साखळी धरून विधीपुरते सावकाश फिरवून आणावे. मुलांनी त्याला खेळवू नये. दुसरी कुत्री अंगावर येतील अशा वाटेवर, किंवा माजावरील कुत्री दिसेल अशा ठिकाणी बांधले तर तो दिवसभर साखळी ताणीत राहतो व विश्रांतीचा हेतूच फसतो. पुष्कळ लोक सोय म्हणून गोठ्यातच बांधतात. तेथे डास सर्वांत अधिक. रोगी कुत्र्याच्या रक्तातील पिल्ले घेऊन तेच डास शेजारच्या कुत्र्यांकडे जातात. रात्री त्याला गोठ्यापासून दूर, शक्य तर जाळीच्या खोलीत ठेवावे. मूत्राचा रंग कॉफीसारखा गडद झाला, पोट पाण्याने फुगले किंवा कुत्रा एकाएकी कोसळला तर मात्र सकाळची वाट पाहू नये. जंतांचा गुंता हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरल्याची ती खूण असते. अशा वेळी औषध उपयोगी पडत नाही. मानेच्या शिरेतून जंत बाहेर ओढण्याची शस्त्रक्रिया तातडीने व्हावी लागते व ती मोठ्या पशुवैद्यकीय रुग्णालयातच होण्यासारखी आहे.

आपल्या भागात हा रोग विरळ असताना एवढा ऊहापोह कशास, असे कोणी म्हणेल. त्यास माझे उत्तर असे. डास आपल्याकडे आहेतच. जंताच्या वाढीस लागणारी ऊबही वर्षाचा बहुतेक काळ आहे. कमतरता आहे ती रोगी कुत्र्यांची, आणि कुत्री आता पूर्वीसारखी एका गावात जन्मून तेथेच मरत नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील कितीतरी जवान ईशान्येकडे नोकरी करतात. ट्रकवाले दूरदूरची पिल्ले आणतात, हौशी लोक लांबून जातिवंत कुत्री मागवितात. शेरू गावात आला त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून तो मोकळा फिरत होता. गावातील दुसऱ्या एखाद्या कुत्र्यास लागण झाली की काय, हे पाहण्यासाठी पशुवैद्यांनी नंतर अकरा कुत्र्यांचे रक्त तपासले. दोघांच्या रक्तात पिल्ले दिसली. दोन्ही कातडीखालच्या जंताची निघाली. या दुसऱ्या जंताविषयीही बेफिकीर राहू नये; माणसाच्या पापणीखालून वा कातडीखालून तो काढावा लागल्याच्या नोंदी केरळात व इतरत्र झालेल्या आहेत.

म्हणून बाहेरून, विशेषतः ईशान्य भारतातून, कुत्रा आणणाऱ्याने प्रथम त्याचे रक्त तपासून घ्यावे व सहा-सात महिन्यांनी पुन्हा तपासावे. पहिल्या तपासणीत नुकतीच झालेली लागण कळत नाही. तपासणी निर्दोष निघाली तर पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे महिन्याचे प्रतिबंधक औषध द्यावे. ते गेल्या महिन्यात डासाने सोडलेली कोवळी पिल्ले मारते, पुढच्या महिन्यासाठी ते साठून राहत नाही. म्हणून ‘दोन महिन्यांचे एकदम’ देणे निरर्थक होय. गटारे वाहती ठेवणे, शेणखड्ड्याभोवतीचे डबके बुजविणे, पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करणे, हौदात गप्पी मासे सोडणे या गोष्टी हिवतापासाठी व डेंग्यूसाठी आपण सांगतोच. कुत्र्यासाठी निराळे काही करावे लागत नाही.

गावपातळीवरील सहकाऱ्यांस माझी एक सूचना आहे. जनावरांच्या लसीकरणाचे शिबिर भरते तेव्हा गावातील कुत्री रेबीजच्या लसीसाठी तरी आणावयास सांगावीत, आणि ज्यांस धावल्यावर खोकला येतो त्यांचा रक्ताचा थेंब त्याच वेळी पशुवैद्यांनी घ्यावा अशी विनंती करावी. या जंतांची पिल्ले रक्तात रात्री अधिक असतात, म्हणून संध्याकाळी उशिरा घेतलेला नमुना अधिक उपयोगी पडतो. शिबिर सकाळी असेल तर खोकणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांची नावे लिहून घेऊन त्यांस संध्याकाळी बोलवावे. काम दहा मिनिटांचे आहे.

सुभेदारांनी २०२४ साली पुन्हा एक पिलू आणले, या वेळी शेजारच्याच गावातून. त्याचे रक्त तपासून झाले, औषधाच्या तारखा दिनदर्शिकेवर पडल्या. वरच्या शेतास आता सौर कुंपण आहे. त्याचा अर्ज भरावयास मी स्वतः गेलो होतो. पिलू अंगणात मोकळे असते. चिंचेखालचा खुंटा अजून तेथेच आहे, त्यास सध्या वासरू बांधतात.